महानायिका कोण रेखाटते? : चित्रकथा, स्वप्रकाशन आणि आपला वारसा

निवासी शाळेच्या ग्रंथालयात सर्वांत आधी ज्या पुस्तकांची पाने सुटतात, ती बहुधा चित्रकथांची असतात. जाडजूड चरित्रग्रंथ काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे नवेकोरे राहतात आणि चित्रकथेचे पातळ पुस्तक एका सत्रात अनेक हातांतून फिरून खिळखिळे होते. शिक्षकांना ही गोष्ट ठाऊक असते; तरीही ‘करमणूक’ म्हणून आपण चित्रकथेला बाजूला सारतो. मुलामुलींच्या मनावर पराक्रमाची पहिली प्रतिमा मात्र तीच उमटवीत असते. पराक्रमी कोण असतो, त्याचा वर्ण कोणता, त्याचे कूळ कोणते, आणि स्त्री पराक्रमी असू शकते काय, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकाच्या आधी चित्रकथा देऊन मोकळी होते.

म्हणूनच चित्रकथांतील महानायिका, म्हणजे ज्यांना इंग्रजीच्या प्रभावाने आपण ‘सुपरहिरोइन’ म्हणतो त्या अतिमानवी शक्तीच्या स्त्रिया, हा आपल्या विचाराचा विषय व्हावयास हवा. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : या नायिका रेखाटतो कोण, आणि त्या छापतो कोण? इतिहासाच्या दृष्टीने पाहता हा दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, हे या लेखात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

महानायिकेचा जन्म

अतिमानवी नायकांच्या चित्रकथांचे युग अमेरिकेत १९३८ साली ‘सुपरमॅन’पासून सुरू झाले असे मानतात. जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला आणि त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांना प्रकाशन कंपनीला देऊन टाकले. पुढे त्या नायकावर कंपनीने अमाप संपत्ती मिळविली. निर्माते आयुष्यभर हक्कासाठी झगडत राहिले. कल्पना एकाची व मालकी दुसऱ्याची, हा या व्यवसायाचा पाया असा आरंभीच घातला गेला.

तीन वर्षांनी, १९४१ च्या अखेरीस, ‘वंडर वुमन’ अवतरली. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. स्त्रियांच्या हाती सत्ता आल्यास जग अधिक शहाणे होईल, असे त्याचे मत होते आणि ते पसरविण्यासाठीच त्याने ही नायिका योजिली. हेतू उदार होता. परंतु लिहिणारा पुरुष, चित्रे काढणारा हॅरी पीटर हाही पुरुष आणि छापणारी कंपनीही पुरुषांचीच. १९४४ नंतर जॉय हमेल नावाच्या तरुणीने या नायिकेच्या अनेक कथा लिहिल्या. पण तिचे नाव त्या काळी छापले गेले नाही. वंडर वुमनची अधिकृत चित्रकथा एखाद्या स्त्रीने रेखाटावी, यासाठी १९८६ साल उजाडावे लागले. ती चित्रकार म्हणजे ट्रिना रॉबिन्स. नायिका जन्मल्यावर पंचेचाळीस वर्षांनी तिच्या हातात स्त्रीचा कुंचला आला.

१९४१ सालीच ‘मिस फ्युरी’ ही साहसी नायिका वृत्तपत्रांतून प्रकटली होती आणि ती एका स्त्रीने रेखाटलेली होती. परंतु त्या चित्रकर्तीने आपले ‘जून’ हे पहिले नाव गाळून केवळ ‘टार्पे मिल्स’ अशी सही केली. स्त्रीचे नाव दिसल्यास वाचक ते काम गांभीर्याने घेणार नाहीत, ही तिची धास्ती होती. नायिका रात्री मुखवटा चढवीत असे. तिच्या निर्मातीला तो दिवसाही उतरविता येत नव्हता.

कृष्णवर्णीयांचा कागद आणि आपला कागद

याच अमेरिकेत दुसरा एक प्रवाह वाहत होता. जॅकी ऑर्म्स या कृष्णवर्णीय स्त्रीने १९३७ साली ‘टॉर्ची ब्राउन’ ही चित्रमालिका सुरू केली. ती छापली ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्राने. टॉर्चीच्या अंगी उडण्याचे सामर्थ्य नव्हते. दक्षिणेतील खेडे सोडून ती उत्तरेकडील शहरात आपले भाग्य शोधावयास जाते, एवढीच तिची कथा. परंतु ज्या काळात गोऱ्यांच्या चित्रकथांत काळी स्त्री केवळ जाड ओठांची मोलकरीण म्हणून येत असे, त्या काळात नीटनेटकी, हुशार व स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी काळी मुलगी चौकटीच्या मध्यभागी उभी करणे हाच पराक्रम होता.

पुढे १९४७ साली फिलाडेल्फिया येथील पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ हे पुस्तक स्वतः प्रकाशित केले. लेखक व चित्रकार सर्व कृष्णवर्णीय. दुसऱ्या अंकाची तयारी झाली असता त्यांना कागद विकण्यास व्यापारी तयार होईनात. दुसरा अंक निघालाच नाही.

हा प्रसंग वाचताना आंबेडकरी वाचकाला १९२० साल आठवल्याशिवाय राहणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही ‘केसरी’ने छापण्याचे नाकारले होते. एकीकडे कागद नाकारला, दुसरीकडे जागा नाकारली. बहिष्काराची रीत दोन्ही खंडांत सारखीच होती. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून या दोन समाजांच्या दुःखातील साम्य नमूद केले होते, आणि त्याआधी १८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. म्हणून अमेरिकेतील चित्रकथांचा हा इतिहास आपल्याला परका नाही.

१९७० साली ट्रिना रॉबिन्स व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘इट एन्ट मी, बेब’ हे केवळ स्त्रियांनी निर्मिलेले चित्रकथांचे पुस्तक काढले. मोठ्या कंपन्यांनी दार लावल्यावर त्यांनी एका छोट्या प्रकाशकाच्या साह्याने स्वतःचे दार उघडले. त्यातूनच १९७२ साली ‘विमेन्स कॉमिक्स’ हे नियतकालिक निघाले व ते वीस वर्षे चालले. आज ज्याला ‘स्मॉल प्रेस’ म्हणतात, म्हणजे मोजक्या प्रती, स्वतःचा खर्च, स्वतःचा मजकूर आणि हातोहात विक्री, त्याचे सामर्थ्य या इतिहासात दिसते. तेथे पोशाखापेक्षा नायिकेच्या जगण्याला महत्त्व आले.

मराठी घरातील चित्रकथा

आपल्याकडे मागील पिढीने चित्रकथा वाचल्या त्या प्रामुख्याने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ व ‘अमर चित्र कथा’ या दोन मालांतून. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजालच्या मराठी आवृत्तीतून ‘वेताळ’ घराघरांत पोहोचला. काळ्या लोकांच्या अरण्यात एक गोरा पुरुष पिढ्यान् पिढ्या न्यायनिवाडा करतो आणि रानातील सर्व जमाती त्याला भिऊन नमतात, या रचनेत काही खटकण्यासारखे आहे, हे त्या वयात कोणाच्या लक्षात येत नसे. त्यात स्त्री होती ती बहुधा वाचविली जाण्यासाठी.

अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथे’ने भारतीय विषय आणले, ही तिची कामगिरी मान्य केली पाहिजे. परंतु तिच्या आरंभीच्या नायिका कोण होत्या? पतीचे प्राण परत आणणारी सावित्री, जोहार करणारी पद्मिनी, भक्तीत लीन झालेली मीराबाई, रणात पडलेली झाशीची राणी. राजकुळातील शौर्य, पातिव्रत्य आणि भक्ती या चौकटीबाहेरची स्त्री क्वचितच दिसे. यमाच्या मागे चालणाऱ्या सावित्रीला चित्रे मिळाली. पुण्याच्या रस्त्यावरून शेणमातीचे गोळे झेलत शाळेकडे चालणाऱ्या सावित्रीबाईंना मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

याच मालेत १९७९ साली ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे पुस्तक आले. त्याची संहिता सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांची व चित्रे दिलीप कदम यांची. अनेक बौद्ध घरांत मुलांच्या हाती पडलेली बाबासाहेबांची ती पहिली चित्रकथा होती. तिचे ऋण मानूनही हे म्हणावे लागते की, त्या चौकटींचा आकार व त्यातील सभ्यतेची मर्यादा आपण ठरविलेली नव्हती.

चौकट मोडणारे लहान प्रकाशक

हा आकार मोडला तो एका लहान प्रकाशनसंस्थेने. २००३ साली स्थापन झालेल्या ‘नवयान’ने २०११ साली ‘भीमायन’ प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दांपत्याने ते रेखाटले. माणसांना चौकटीत कोंडावयाचे नाही, असा त्यांनी आग्रह धरला. म्हणून या पुस्तकात सरळ रेषांचे चौकोन नाहीत. गोड बोलणाऱ्याच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे आणि विटाळाची भाषा बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. अक्षर न वाचता येणाऱ्या मुलालाही कोणाचे बोलणे डसते ते कळते. याच वर्षी याच संस्थेने ‘गुलामगिरी’वर आधारित ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही चित्रकादंबरी काढली. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन या दोघी तिच्या निर्मात्या असून त्या स्वतःही पात्रे म्हणून तिच्यात वावरतात. पूर्वी चित्रकर्तीला नाव झाकावे लागे. येथे ती चौकटीत येऊन वाचकाशी बोलते.

२०१४ साली ‘प्रियाज शक्ती’ ही चित्रकथा आली व जगभर गाजली. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर भारतीय वंशाचे अमेरिकी चित्रपटकार राम देविनेनी यांनी ती निर्माण केली आणि मोठ्या कंपनीवर न विसंबता वाचकांना मोफत उपलब्ध करून दिली. तिची नायिका प्रिया ही शिक्षिका होण्याचे स्वप्न पाहणारी खेड्यातील मुलगी आहे. तिच्यावर बलात्कार होतो आणि घरचे लोक तिलाच दोष देतात. पुढे ती वाघावर स्वार होऊन गावोगाव जाते. २०१६ च्या पुढील भागात ती ॲसिडहल्ल्यातील पीडित स्त्रियांना आरशाला सामोरे जाण्याचे धैर्य देते. अत्याचारित स्त्रीलाच नायिका करणे आणि लाज पीडितेची नव्हे, अत्याचाऱ्याची आहे, असे मुलांना सांगणे ही या कथेची मोठी देणगी होय.

तरीही आपल्यासाठी येथे एक अडचण आहे. प्रियाची शक्ती तिला पार्वतीकडून मिळते. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातील मुलीने ही कथा वाचावी, पण तिने एक प्रश्न विचारावा : देवीने हाक ऐकली नसती तर? सामर्थ्य वरून मिळणार असेल, तर ते ज्याला मिळाले नाही त्याने काय करावे? वंडर वुमनला ते देवतांकडून मिळाले, प्रियाला पार्वतीकडून. ज्यांच्यासाठी देवळाचे दारच बंद होते त्यांची नायिका ते कोठून आणणार?

प्रातिहार्य आणि पुण्णा

या प्रश्नाचे उत्तर तथागतांनी दिलेले आहे. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात नालंदेचा गृहपती केवट्ट भगवंतांना विनवितो की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवावा म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंत तीन प्रकारची प्रातिहार्ये सांगतात : आकाशात उडणे, पाण्यावर चालणे अशी ऋद्धी, दुसऱ्याचे मन ओळखणे, आणि तिसरे अनुशासन, म्हणजे उपदेश व शिक्षण. पहिल्या दोहोंत त्यांना दोष दिसतो. तिसऱ्याची ते प्रशंसा करतात. माणूस शिकतो आणि बदलतो, हाच खरा चमत्कार.

या कसोटीवर नायिका निवडावयाची तर थेरीगाथेतील पुण्णा प्रथम आठवते. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकाच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत पाणी भरावयास नदीत उतरणारी. तेथे तिला पापक्षालनासाठी कुडकुडत स्नान करणारा ब्राह्मण भेटतो. ती त्याला विचारते की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव आणि मगर यांनाही स्वर्ग मिळावयास हवा. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि धम्माला शरण जातो. पुण्णेच्या हाती घागर आहे आणि मुखात तर्क आहे. एवढ्या शस्त्रांवर ती जिंकते. चित्रकथेसाठी याहून उत्तम प्रसंग कोणता?

पुण्णेपासून पाण्याची ही रेषा सरळ आपल्यापर्यंत येते. महाडचे चवदार तळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच महाडात १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहराव व राहणीबद्दल सांगितले आणि लगेच त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वळसंग येथे १९३७ साली बाबासाहेबांनी समाजाच्या विहिरीचे पाणी शेंदले. मंगळवेढ्याच्या सोयराबाईंनी विटाळ देहातच आहे तर शुद्ध कोण, असा प्रश्न अभंगातून केला. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांपुढे सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षपदावरून बोलल्या. यांतील एकीलाही वर मिळालेला नव्हता.

स्वप्रकाशन हा आपला जुना मार्ग

‘स्मॉल प्रेस’ हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या घरातील आहे. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. एका शाळकरी मुलीचा शब्द छापखान्यापर्यंत पोहोचला, ही त्या काळातील असाधारण घटना होती. १८८२ साली ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’ नावाच्या छोट्या पुस्तिका काढून ताराबाई व पंडिता रमाबाई यांची बाजू मांडली. ‘सत्सार’चे दोनच अंक निघाले, पण ते आवश्यक त्या वेळी निघाले. १९२७ साली सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे भरून काढीत. १९८९ साली ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदविल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ ‘स्त्री उवाच’ या लहान प्रकाशनाने काढला. तो निघाला नसता तर त्यांतील कित्येकींची नावे त्यांच्याबरोबरच संपली असती. आजही दीक्षाभूमी व चैत्यभूमीवर अंथरलेल्या सतरंज्यांवर ज्या पातळ पुस्तिका विकल्या जातात, त्यांतील कितीतरी लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या असतात.

या परंपरेत शब्द आहे, गाणे आहे. चित्रकथा मात्र कमी आहे. ती उणीव भरून काढण्यास मोठे भांडवल लागत नाही. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांना चार चौकटींत आपली गोष्ट सांगावयास शिकविले. पहिल्या चौकटीत माणूस व त्याची स्थिती, दुसरीत अडचण, तिसरीत संघर्ष, चौथीत परिणाम. कागदाचे दोन ताव जोडावयाचे, झेरॉक्स काढावयाची आणि गावात चावडीवर, बसथांब्यावर, दुकानाच्या भिंतीवर चिकटवावयाची. पुस्तिका हवी असल्यास एकच ताव पुरे. तो तीनदा निम्म्यात दुमडला की आठ सारखे भाग होतात. मग ताव उलगडून मधल्या आडव्या घडीवर केवळ मधल्या दोन भागांइतकी चीर द्यावी आणि आत ढकलून घडी घालावी. पिन न मारता आठ पानांचे पुस्तक तयार होते. चित्रे तावाच्या एकाच बाजूला असल्याने एका प्रतीला एकच झेरॉक्स लागते.

तंत्र सोपे आहे. दृष्टी कठीण आहे. आपल्या नायिका रेखाटताना एक धोका संभवतो. आपण त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय काढू लागतो, त्यांना कमळावर उभे करतो, आणि पाहता पाहता त्यांची देवी होते. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता. तो चित्रकारालाही लागू आहे. तेजोवलयातील सावित्रीबाईंना नमस्कार करून मुलगी पुढे जाईल. पिशवीत दुसरे लुगडे घेऊन निघालेल्या, शाळेत पोहोचल्यावर मळलेले लुगडे बदलून फळ्याकडे वळणाऱ्या सावित्रीबाई पाहिल्या, तर हे आपल्यालाही जमेल असे तिला वाटेल. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन जाताना त्यांना संसर्ग झाला व त्यातच त्यांचे निधन झाले. त्या पाठीवर पंख काढण्याची गरज नाही.

दुसरी काळजी सत्याची. चित्रकथा काढणाऱ्याने तारीख, गाव, पोशाख, भांडी, घरे यांची खातरजमा करावी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला चित्रकथेचा हा गुण विशेष वाटतो की, ती अज्ञान लपवू देत नाही. ‘त्या काळी स्त्रिया पाणी भरीत’ असे वाक्य लिहिता येते; पण चित्र काढावयाचे तर घागर मातीची की पितळेची, विहिरीला रहाट होता की नुसता दोर, हे विचारल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही. आणि विचारावयाचे म्हणजे घरातील वृद्ध स्त्रीपाशी जाऊन बसावयाचे.

आपल्या वसतिगृहातील मुलींच्या घरीच अशा कथा आहेत. सोलापुरात कोणाची आई विड्या वळते, कोणाची आजी चादरीच्या कारखान्यात कांड्या भरीत आली. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी संघटित होऊन मिळविलेल्या घरांची वसाहत उभी आहे. सुमारे दहा हजार घरांची. त्या स्त्रियांच्या बोटांची चित्रे कोणत्याही कंपनीने छापलेली नाहीत आणि छापण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. शाळेने येत्या वर्षी प्रत्येक वर्गाकडून आठ पानांची एक पुस्तिका करवून घ्यावी, १४ एप्रिलला त्यांचे प्रदर्शन भरवावे आणि एकेक प्रत ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. मुखपृष्ठावर काढणाऱ्या मुलीचे पूर्ण नाव असावे, तिच्याच अक्षरात.

जय भीम. नमो बुद्धाय.